भिशीचे बत्तीस हजार आणि लेकीचा पहिला लॅपटॉप

पत्र असं आलं आहे:

‘ताई, नमस्कार. मी धनकवडीला राहते. घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मिस्टर कंपनीच्या बसवर ड्रायव्हर आहेत. मुलीला यंदा बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला अ‍ॅडमिशन मिळाली. भिशीचे ३२,००० हातात आलेत, ते तिच्या लॅपटॉपसाठी ठेवलेत. एका मोठ्या दुकानात नवा लॅपटॉप २७,९९० ला दाखवला, सेलेरॉन, ८ जीबी, बॅग फुकट. दीर म्हणतात ४२,००० चा आय-थ्री हप्त्यावर घ्या, नो कॉस्ट आहे. शेजारच्या मुलाने तपकीर गल्लीत एक वापरलेला थिंकपॅड टी-४८० बघून ठेवलाय, आय-फाइव्ह, १६ जीबी, २३,००० सांगतायत. मिस्टर म्हणतात, पोरीचा पहिलाच लॅपटॉप आणि तोही कुणीतरी टाकून दिलेला? मलाही मनातून तसंच वाटतं. माझं पिकोचं मशीनही जुनंच घेतलेलं आहे, पण त्यातलं मला कळतं, ह्यातलं काहीच कळत नाही. काय घेऊ? आणि दुकानात तिला सोबत नेऊ, की एकटी जाऊ? – धनकवडीची एक आई’

ताई,

आधी सरळ उत्तर देते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. वापरलेला घ्या. तो टी-४८० च घेतला पाहिजे असं नाही, पण त्याच जातीतला, कंपन्यांच्या ऑफिसातून आलेला, नीट तपासलेला आणि पक्क्या बिलासह. सेलेरॉन घेऊ नका. आणि हप्त्याच्या वाटेला तर आत्ता जाऊच नका.

मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करते. दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये नवे लॅपटॉप घेऊन आलेली पोरं बघते, आणि तिसऱ्या वर्षी त्याच लॅपटॉपचं काय झालं तेही बघते. एक मुलगी माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. उरुळीहून यायची. तिच्या वडिलांनी तुमच्यासारखेच पै-पै जमवून तिला नवाकोरा लॅपटॉप घेऊन दिला होता, वर पातळ प्लास्टिकचं आवरणसुद्धा तिने वर्षभर काढलं नव्हतं. पहिल्या वर्षी सी भाषेचे छोटे प्रोग्राम असतात, ते त्यावर छान चालले. तिसऱ्या वर्षी मोबाइलचं अ‍ॅप बनवायचं आलं. ती अँड्रॉइड स्टुडिओ सुरू करायची, लॅपटॉप बाकावर ठेवायची, बाहेर जाऊन बाटली भरून आणायची. परत येईतो पडद्यावर तीच पट्टी तिथेच उभी. एकदा मी शेजारी बसून बघितलं. एक ओळ बदलायची आणि अ‍ॅप परत चालवून बघायचं, एवढ्याला अकरा मिनिटं गेली. बाकीची पोरं तेवढ्यात दहा चुका करून दहा दुरुस्त करत होती, आणि प्रोग्रामिंग शिकायचं असतं ते असंच. शेवटी तिने सगळा प्रोजेक्ट लॅबच्या मशीनवर केला. लॅब सहाला बंद व्हायची, आणि ती शेवटच्या मिनिटापर्यंत बसून मग बससाठी पळायची. लॅपटॉप दप्तरात असायचा, वजन म्हणून.

तो लॅपटॉप सेलेरॉनचा होता. तुमच्या दुकानदाराने ८ जीबी सांगितलं, बॅग फुकट सांगितली, पण सेलेरॉन म्हणजे काय ते सांगितलं नसणार. ते इंटेल कंपनीच्या स्वस्तातल्या प्रोसेसरचं, म्हणजे लॅपटॉपच्या मेंदूचं, नाव आहे. प्रोसेसरच्या आत काम करणारे जे हात असतात त्यांना कोअर म्हणतात. स्वस्त लॅपटॉपमध्ये जे सेलेरॉन येतात, एन-४०२० किंवा एन-४५०० असे, त्यांना दोनच कोअर असतात. मेल बघायला, फॉर्म भरायला, ऑनलाइन तास ऐकायला ते पुरे. त्यासाठी कुणी घेत असेल तर मी अडवणार नाही. पण कॉम्प्युटर सायन्सच्या विद्यार्थ्याला तीन वर्षं ते ओढवत नाही, आणि त्यात पुढे काही वाढवायची सोयही बहुतेक वेळा नसते, कारण रॅम (चालू काम मांडायची जागा, दुकानदाराने सांगितलेले ८ जीबी ते हेच) मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, कायमची चिकटवलेली असते. कधी कधी तर एसएसडीच्या, म्हणजे फाइली साठवायच्या वेगवान डिस्कच्या, जागी ईएमएमसी नावाची मोबाइलसारखी साठवण असते, ती एसएसडीपेक्षा बरीच मंद. आणखी एक: २०२३ पासून इंटेलने नव्या लॅपटॉपसाठी सेलेरॉन आणि पेंटियम ही नावं बंद केली आणि त्या जागी नुसतं ‘इंटेल प्रोसेसर’ असं नाव आणलं. म्हणजे उद्या कुणी ‘हा सेलेरॉन नाही, इंटेल आहे’ असं म्हणालं तर लगेच हुरळून जाऊ नका. एन-१०० वगैरे आकडा असेल तर तो सेलेरॉनपेक्षा बरा, चार कोअरचा, पण घराणं तेच.

आता ‘आय-फाइव्ह’ या शब्दाबद्दल. हेही इंटेलच्याच प्रोसेसरचं नाव, सेलेरॉनच्या वरच्या दर्जाचं. तपकीर गल्लीत तुम्हाला पाच जण पाच लॅपटॉप दाखवतील आणि पाचही आय-फाइव्ह असतील. नुसतं पैठणी म्हटल्याने ती येवल्याची हातमागाची की पॉवरलूमची ते कळत नाही, तसंच हे. आय-फाइव्हच्या पुढे आडवी रेघ आणि एक आकडा असतो, तो बघायचा. ७२०० किंवा ७३०० असेल तर ती सातवी पिढी, म्हणजे प्रोसेसरची सातवी आवृत्ती. ८२५० किंवा ८३५० असेल तर आठवी. १०२१० असेल तर पहिले दोन आकडे धरायचे, दहावी. ११३५ असेल तर अकरावी. लॅपटॉप सुरू करून खाली स्टार्टच्या चिन्हावर उजवं बटण दाबलं आणि ‘सिस्टिम’वर गेलं की तो आकडा पडद्यावरच दिसतो. बाहेरच्या स्टिकरवर विश्वास ठेवायचं कारण नाही, स्टिकर काय, वेगळा विकत मिळतो.

ही आठवी पिढी तुमच्यासाठी उंबरठा आहे. दोन कारणं. लॅपटॉपमधल्या नेहमीच्या आय-फाइव्हला सातव्या पिढीपर्यंत दोनच कोअर होते, आठव्या पिढीत ते एकदम चार झाले. दुसरं त्याहून मोठं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स थांबवली, आणि विंडोज ११ ला कंपनीची अधिकृत मान्यता इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे आहे. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची मशीन ऑफिसांतून ढिगाने बाहेर पडली आणि स्वस्त झाली. चौदा-पंधरा हजारांत ‘आय-फाइव्ह, १६ जीबी, एकदम चकाचक’ असं कुणी म्हणालं तर बहुतेक ते ह्यातलंच असतं. विंडोज ११ त्यावर आडमार्गाने घालूनही देतात. ते चालतं, पण पुढची अपडेट्स मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. नको तो आडमार्ग.

तुमच्या शेजारच्या मुलाने बघितलेला टी-४८० हे २०१८ मधलं मॉडेल आहे. मशीन दणकट, कीबोर्ड उत्तम, रॅमसाठी दोन खाचा, आणि बॅटऱ्या दोन. एक आत, एक मागून हाताने काढता येणारी. पण ताई, २०१८ म्हणजे वय झालेलं आहे हे तुमच्यापासून लपवत नाही. तिला अजून तीन वर्षं काढायचीत. म्हणून दुकानात गेल्यावर आधी हे विचारा: ‘दहाव्या किंवा अकराव्या पिढीचं काय आहे?’ तुमच्याकडे ३२,००० आहेत. २७-२८ पर्यंत जर दहाव्या-अकराव्या पिढीचं, १६ जीबीचं चांगल्या अवस्थेतलं मशीन मिळालं, तर मी टी-४८० सोडून ते घेईन. नाही मिळालं तर आठव्या पिढीचा टी-४८०, डेलचा लॅटिट्यूड ५४९०, एचपीचा एलिटबुक ८४० जी-५ हे सगळे एकाच पंगतीतले, यांतला जो तपासणीत पास होईल तो. रंग, ओरखडे, झाकणावरचं जुन्या कंपनीचं पुसट झालेलं लेबल, याकडे बघू नका. रॅम मात्र १६ आधीच बसवलेली घ्या. सध्या रॅमचे भाव चढलेले आहेत, ‘नंतर वाढवू’ म्हणणं महागात पडेल. अँड्रॉइड स्टुडिओ बनवणारे स्वतःच सांगतात की ८ जीबी ही किमान गरज, आणि पडद्यावरचा नकली फोन चालवायचा तर १६.

आता तुमच्या मनातली जी खरी अडचण आहे तिच्याकडे येते.

‘कुणीतरी टाकून दिलेला.’ ताई, हा शब्द मी दोनदा वाचला. ही मशीन टाकून दिलेली नसतात. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी सगळ्या ऑफिसातले लॅपटॉप एकदम बदलतात, कारण वॉरंटी संपते, भाडेकरार संपतो. चालू मशीनही त्यात जातात. नवीन असताना त्यांची किंमत तुमच्या ३२,००० च्या दुपटी-तिपटीची होती, आणि रोज आठ-दहा तास वापरायचं म्हणूनच ती तशी बांधलेली होती, बिजागरीपासून कीबोर्डपर्यंत. २७,९९० चा नवा लॅपटॉप त्या किमतीत बसावा म्हणून बांधलेला असतो. माझ्या लॅबमध्ये मोडलेल्या बिजागरीला चिकटपट्टी लावून येणारी पोरं बहुतेक याच स्वस्त नव्या मशीनची असतात.

तुमचं पिकोचं मशीन घेताना तुम्ही काय केलंत ते आठवा. त्याचा रंग नसेल बघितला. चिंधी घालून टाका बघितला असेल, दोरा ओढून बघितला असेल, चाक हाताने फिरवून खडखड ऐकली असेल. आणि गेली इतकी वर्षं त्याच मशीनवर घर चाललंय. मिस्टरांना हे तुम्ही सांगा, माझ्यापेक्षा तुमच्या तोंडून पटेल. तुमच्या लेकीच्या वर्गात मैत्रिणींचे चकचकीत लॅपटॉप असतील, पहिले चार दिवस तिला जड जाईल, हे खरं आहे. तिला आधीच विश्वासात घ्या. ही कोणती मशीन आहेत हे तिला कळलं तर ती मान खाली घालून बसणार नाही. लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी प्रणाली) शिकवायला लागले की तर अशा जुन्या थिंकपॅडवाल्यांकडेच सगळे मदत मागायला येतात, कारण त्या मशीनवर ते विनातक्रार चालतं.

हप्त्याचं थोडक्यात. तुमच्या दिरांनी सुचवलेला आय-थ्री जर बाराव्या पिढीचा, १२१५ आकड्याचा असेल तर मशीन चांगलं आहे, सहा कोअरचं, वाईट सल्ला दिला नाही त्यांनी. तुमच्याकडे रोख ४०-४२ हजार असते तर मी तोच घ्या म्हणाले असते. पण ‘नो कॉस्ट’मध्ये कॉस्ट असते. व्याजाएवढी सूट किमतीत दाखवतात, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी बँक तुमच्याकडून घेते, वर प्रोसेसिंग फी. बऱ्याचदा एकरकमी रोखीची किंमत विचारली की ती कमी निघते. हे सगळं सोसलं तरी मुख्य गोष्ट वेगळीच आहे. तुमचं काम लग्नसराईत आणि दिवाळीत असतं. आषाढात काम नसतं, मशीन झाकून ठेवलेलं असतं. हप्ता आषाढ बघत नाही. एक चुकला की दंड लागतो आणि सिबिलला नोंद होते, मग उद्या तिच्या पुढच्या शिक्षणाला कर्ज हवं असेल तेव्हा ते आडवं येतं.

आता तपासणी. इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण मी स्वतः इथेच फसले होते. काही वर्षांपूर्वी बहिणीच्या मुलासाठी एक वापरलेला लॅपटॉप घेतला. चालू होता, पडदा छान, भाव छान. दुकानदार घाईत, मी घाईत, बिल ‘नंतर देतो’. घरी आल्यावर त्यावर लिनक्स घालायला पेनड्राइव्ह लावला तर मशीन पासवर्ड मागायला लागलं. विंडोजचा नाही, त्याच्याही आधीचा, बायोसचा, म्हणजे मशीन सुरू होतानाच चालणाऱ्या आतल्या प्रणालीचा. आधीच्या कंपनीने लावलेला, कुणीच काढला नव्हता. दुकानात परत गेले तर ‘आम्ही चालू मशीन दिलं होतं’ एवढंच उत्तर. बिल नव्हतं, बोलणार काय. थिंकपॅडचा हा पासवर्ड सरळ मार्गाने काढायचा तर मदरबोर्डच बदलावा लागतो, इतकं ते पक्कं असतं.

म्हणून पहिलं काम हे करा. लॅपटॉप बंद करून परत सुरू करायला सांगा आणि सुरू होताना थिंकपॅड असेल तर एफ-१, डेल असेल तर एफ-२, एचपी असेल तर एफ-१० टकटक दाबत राहा. आतलं पान पासवर्ड न मागता उघडलं पाहिजे. तिथेच मशीनचा सीरियल नंबर दिसतो, तो खाली पाठीवर छापलेल्या नंबराशी जुळवून बघा. जुळला नाही तर पाठ एकाची आणि पोट दुसऱ्याचं.

दुसरी बॅटरी. दुकानदार म्हणेल, ‘चार तास बॅकअप आहे.’ तोंडी नको. विंडोजमध्ये शोधायच्या जागी ‘सीएमडी’ लिहिलं की काळी खिडकी उघडते. तिच्यात इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी’ जोडून लिहायचं, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’, आणि एंटर. एक फाइल तयार होते, ती कुठे ठेवली ते खिडकीतच लिहून येतं. ती उघडली की वरच्या भागात दोन आकडे असतात. ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे नवी असताना किती होती, ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आज किती उरली. टी-४८० मध्ये दोन बॅटऱ्या म्हणून दोन रकाने दिसतील. आतल्या बॅटरीचा मूळ आकडा २४,००० च्या आसपास असतो. आजचा १९-२० हजार असेल तर उत्तम, १५-१६ असेल तर भावात कमी करून मागा, १२ च्या खाली असेल तर ‘बॅटरी बदलून द्या, मग घेते’ म्हणा. तुमच्या लेकीला ही आज्ञा घरूनच कागदावर लिहून न्यायला सांगा. तिने दुकानात ती टाइप केली की समोरच्याचा बोलण्याचा सूरच बदलतो, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

तिसरा पडदा. टी-४८० आणि तशाच जुन्या मशीनमध्ये मुख्यतः दोन तऱ्हेचे पडदे येतात. एक १३६६ बाय ७६८ चा, त्यावर कोडच्या ओळी मावत नाहीत आणि जरा बाजूने बघितलं की रंग उलटेपालटे दिसतात. दुसरा १९२० बाय १०८० चा. दुसराच घ्या, हजार-पंधराशे जास्त गेले तरी. पांढरं पान पूर्ण पडद्यावर उघडून कुठे काळा ठिपका किंवा पिवळट डाग आहे का बघा, तुमची नजर कापडातला एक तुटका धागा पकडते, हेही पकडेल.

बाकीचं पटपट. नोटपॅड उघडून कीबोर्डचं प्रत्येक बटण एकदा दाबायचं. मोबाइलचं हॉटस्पॉट लावून वायफाय, मग एक व्हिडिओ कॉल, त्यात कॅमेरा, माइक, स्पीकर तिन्ही कळतात. प्रत्येक यूएसबीत पेनड्राइव्ह घालून बघायचा. पडदा एका कोपऱ्याला धरून उघडायचा, करकर वाजता कामा नये. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जा, ते एसएसडीची तब्येत टक्क्यांत सांगतं. ८० च्या वर असेल तर काळजी नाही. चार्जर मूळ कंपनीचा आणि ६५ वॅटचा आहे का बघा. आणि हे सगळं करताना चार्जर काढून ठेवा, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासात बॅटरी किती टक्के उतरली तेही आपोआप कळेल.

विंडोजचंही एक बघायचं. सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ असतं. तिथे ‘डिजिटल लायसन्स’ असं लिहिलेलं असेल तर ठीक. ‘ऑर्गनायझेशनच्या अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हिस’चं नाव असेल तर बहुतेक वेळा ते चोरीचं किंवा जुन्या कंपनीचं लायसन्स असतं. ऑफिसातून आलेल्या अशा मशीनला मूळचं विंडोज प्रो बहुधा असतंच, त्यामुळे कोरं विंडोज ११ घालून मागण्यात काही गैर नाही. दुकानदार ‘सगळी सॉफ्टवेअर फुकट टाकून देतो’ म्हणेल, त्याला नम्रपणे नको म्हणा. त्या फुकट सॉफ्टवेअरबरोबर व्हायरस येतात, आणि उद्या ह्याच लॅपटॉपवर तुम्ही बँकेचे व्यवहार कराल. वर्ड-एक्सेलचं काम लिब्रेऑफिसमध्ये होतं, ते खरोखर फुकट आहे. अँटिव्हायरसवर पैसे घालू नका, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरेसा आहे.

बिल जीएसटी नंबरासह, मशीनच्या सीरियल नंबरासह, आणि किती महिन्यांची वॉरंटी ते त्यावर लिहून. निदान सहा महिने मागा. जो दुकानदार सीरियल नंबर लिहायला का-कू करतो त्याच्याकडून घेऊ नका, कितीही स्वस्त असो. मशीन चोरीचं निघालं तर तुमच्याकडे दाखवायला तेवढा एक कागद असतो. पुढे वॉरंटी नाकारली तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे तक्रार घेतात, पण त्यांनाही बिल लागतं.

पैसे असे वाटा. मशीन २३ ते २८ हजार. तीनेक हजार बॅटरीसाठी वेगळे ठेवा, आज ना उद्या ती बदलावी लागणारच. माउस आणि साधी जाड दप्तरवजा बॅग घ्या, पुण्याच्या पावसात पातळ बॅग म्हणजे लॅपटॉपला आमंत्रण. उरलेले पोस्टात टाका. ३२ आहेत म्हणून ३२ च्या ३२ दुकानात ठेवून यायचे नाहीत.

तपासणीत काहीच पसंत पडलं नाही तर रिकाम्या हाताने परत या. घाई नाही. पहिलं सत्र कॉलेजच्या लॅबवर आरामात निघतं, मी रोज बघते. दसरा-दिवाळीला नव्या लॅपटॉपवर सवलती लागतात, तोवर तुमच्या सीझनची कमाईही हातात येईल, तेव्हा नवा बघता येईल. नवा बघताना एएमडी रायझेन (एएमडी ही इंटेलसारखीच दुसरी कंपनी, रायझेन हा तिचा प्रोसेसर) दाखवला तर एक लक्षात ठेवा. ७००० च्या मालिकेत तिसरा आकडा बघायचा. ७५२० मधला तिसरा आकडा दोन, म्हणजे आतली रचना जुनी आणि चारच कोअर. ७५३० मधला तिसरा तीन, म्हणजे त्यापेक्षा नवी रचना आणि सहा कोअर. दोन्हींवर ‘रायझेन ५’ असंच लिहिलेलं असतं. त्या एका आकड्यासाठी दोन-तीन हजार जास्त गेले तर जाऊ द्या.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. हो, तिला घेऊनच जा. तुम्हाला वाटत असेल की तिच्या डोळ्यातली आशा बघून दुकानदार भाव चढवेल, तर तिला घरीच सांगून ठेवा की आवडला तरी तिथे बोलायचं नाही. पण मशीन तिने उघडायचं, बायोस तिने बघायचं, बॅटरीचा रिपोर्ट तिने काढायचा. शेजारच्या मुलालाही न्या, पण त्याला मागे उभं करा. भाव तुम्ही करा, तुम्ही रोज गिऱ्हाइकांशी तेच करता. मंगळवार-बुधवार बघून सकाळी अकराच्या सुमाराला जा, दुकानदाराला वेळ असतो. स्वारगेटहून मेट्रोने मंडईला उतरून चालत जा, गाडी नेऊ नका, त्या गल्लीत लावायला जागा नाही. आणि गणपतीच्या आधी उरका, एकदा मांडव पडले आणि गर्दी सुरू झाली की तिथे काउंटरवर तासभर लॅपटॉप उघडून बसू देणार नाही कुणी.